अमेरिकन लेट नाइट शो बघायचेत? मग क्लिप सोडा आणि अख्खा भाग बघा

मला बरेच जण विचारतात की ते कोलबेर, किमेल, फॅलन, सेथ मायर्स वगैरे मंडळी बघायची असतील तर सुरुवात कुठून करायची, कारण फोन उघडला की दहा क्लिप समोर येतात, प्रत्येकीत सुटातला एक माणूस ट्रम्पवर काहीतरी बोलतोय, लोक ओरडतायत, आणि आठवड्याभरात कंटाळा येतो. कंटाळा येणारच हो. तुम्ही शो बघतच नाहीये. तुम्ही शोमधला तो एक तुकडा बघताय जो सगळ्यात जास्त शेअर होतो, आणि तोसुद्धा तुम्ही निवडलेला नाही, यूट्यूबनं तुमच्यापुढे आणून ठेवलाय.

मी हे शो बरीच वर्षं बघतेय आणि माझं म्हणणं सोपं आहे: एक होस्ट पकडा, त्याचा अख्खा भाग बघा, आणि शिळा व्हायच्या आत बघा. हे कसं जमवायचं तेवढंच खाली लिहिलंय.

तासाभरात असतं काय

साचा जुना आहे. एनबीसीवर द टुनाइट शो २७ सप्टेंबर १९५४ ला सुरू झाला, तेव्हा स्टीव्ह ॲलन होस्ट होते, पुढे जॉनी कार्सननी १९६२ ते १९९२ अशी जवळजवळ तीस वर्षं तो चालवला आणि त्यांच्या काळात जे पक्कं झालं तेच अजून दिसतं. बँड वाजतो, होस्ट उभ्याउभ्या मोनोलॉग करतो (म्हणजे दिवसाच्या बातम्यांवर एकटाच जोक सांगतो), मग टेबलामागे बसून एखादा तयार केलेला आयटम, मग पहिला पाहुणा, दुसरा पाहुणा, शेवटी गाणं नाहीतर एखादा नवीन स्टँडअप कॉमेडियन. तिकडे रात्री ११ ला लोकल बातम्या असतात, त्या संपल्या की ११:३५ ला हे सुरू होतं आणि १२:३५ ला त्याच चॅनेलवर दुसरा शो. जाहिराती धरून एक तास, जाहिराती काढल्या की साधारण चाळीस मिनिटं उरतात.

नाव लेट नाइट असलं तरी रेकॉर्डिंग त्याच दिवशी संध्याकाळी होतं, हे खूप जणांना माहीत नसतं. सकाळी रायटर बातम्या वाचून जोक लिहायला बसतात, दुपारी रिहर्सल, संध्याकाळी समोर प्रेक्षक बसवून रेकॉर्डिंग (तिकिटं फुकट असतात), आणि रात्री ते टीव्हीवर. किमेलच्या शोच्या नावात लाइव्ह आहे पण तोही आधी रेकॉर्ड झालेलाच असतो. खराखुरा लाइव्ह म्हणजे सॅटर्डे नाइट लाइव्ह, ऑक्टोबर १९७५ पासून शनिवारी रात्री साडेअकराला.

हे का सांगतेय, तर मोनोलॉगमधला जोक हा त्या दिवसाचा असतो, सकाळच्या बातमीवर दुपारी लिहिलेला. तो दुसऱ्या दिवशी चालतो, तिसऱ्या दिवशी कसाबसा, आणि महिन्याभरानं समोर आला तर तुम्हाला ती बातमीच आठवत नसते आणि तुम्ही म्हणता की यात हसण्यासारखं काय होतं. सिरीयल साठवून ठेवून एका रविवारी आठ भाग बघता येतात, हे तसं नाही होत. नेटफ्लिक्सवर २०१६ मध्ये चेल्सी हँडलरचा, २०१८ मध्ये मिशेल वुल्फचा आणि हसन मिन्हाजचा शो आला, तीनही थोड्या वर्षांत बंद पडले, आणि मला वाटतं त्याचं एक कारण हेच की तिथे लोक कधीही येतात आणि काहीही बघतात, तर हा माल आजचा आजच बघायचा.

म्हणून पहिला नियम. भाग प्रसारित झाल्यापासून दोन दिवसांत बघा, नाही जमलं तर मोनोलॉग सोडून द्या आणि थेट पाहुण्यांवर जा, मुलाखत टिकते. न्यूयॉर्कमधले रात्रीचे ११:३५ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:०५, त्यांच्याकडे हिवाळ्यात घड्याळं मागे केली की १०:०५. म्हणजे भारतात असाल तर आदल्या रात्रीचा शो तुम्हाला दुपारपर्यंत ताजा मिळतो, आणि मी तर म्हणेन की जेवणाच्या सुट्टीत मोनोलॉग आणि रात्री झोपायच्या आधी मुलाखत अशी वाटणी छान बसते.

होस्ट कसा निवडायचा

इथे घाई करू नका, सगळं याच्यावरच आहे. लेट नाइटमध्ये लोक विषयासाठी येत नाहीत, माणसासाठी येतात. विषय तर सगळ्यांचा तोच असतो.

मी सगळ्यांना एकच प्रयोग करायला सांगते. कुठलीही एक तारीख घ्या, शक्यतो मंगळवार किंवा बुधवार, आणि त्या एकाच रात्रीचे तीन-चार होस्टचे मोनोलॉग लागोपाठ बघा. बातम्या सगळ्यांच्या त्याच असणार, सकाळी सगळ्यांनी तेच पेपर वाचलेत. एक जण त्या बातमीवरून पटकन तीन जोक मारून पुढे जाईल, दुसरा तीच बातमी दहा मिनिटं धरून ठेवेल आणि पुरावे दाखवत जाईल, तिसरा आवाज काढून नक्कल करेल, चौथा मधेच स्वतःच्या जोकवर स्वतः हसेल. अर्ध्या-पाऊण तासात तुम्हाला कळेल की तुमचं कोणाशी जमतं, मग दुसऱ्या कोणाला विचारायची गरज राहत नाही.

आता माझी मतं. सेथ मायर्स माझे सगळ्यात आवडते, ते आधीच सांगून टाकते. एनबीसीवर १२:३५ चा स्लॉट, फेब्रुवारी २०१४ पासून. आधी ते सॅटर्डे नाइट लाइव्हचे हेड रायटर होते आणि तिथल्या विनोदी बातम्या वाचायचे, त्यामुळे सुरुवातीला बाकीच्यांसारखं उभं राहून मोनोलॉग करत होते ते कधी नीट जमलंच नाही, २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ठरवलं की आपण टेबलामागेच बसायचं, आणि तिथून शो बदलला. अ क्लोजर लुक नावाचा त्यांचा आयटम असतो, एकच राजकीय विषय, दहा-पंधरा मिनिटं, जुन्या क्लिप एकामागून एक लावत जाणार आणि मधेच कुठल्यातरी वाक्यावर वेड्यासारखा आवाज काढणार. राजकारण फार माहीत नसलं तरी यांच्याकडून समजतं.

आणि यांचं एक खास आहे जे टीव्हीवर येतच नाही. करेक्शन्स. २०२१ मध्ये सुरू झालं, फक्त यूट्यूबवर. आठवड्याभरात शोमध्ये जे काही चुकलं, एखादा उच्चार, एखाद्या प्राण्याचं चुकीचं नाव, एखाद्या राज्याचा नकाशा, ते लोक कॉमेंटमध्ये दाखवतात आणि मायर्स आठवड्याच्या शेवटी बसून एकेक कॉमेंट घेऊन त्याला उत्तर देतात, चूक मान्य करतात, वाद घालतात. प्रेक्षक नसतात. समोर फक्त कॅमेऱ्यामागची मंडळी. आता टीव्हीवरच्या शोमध्ये दोनशे माणसांचं हसू येतं ना, ते एक मोठी लाट असते, त्यात कोण हसतंय कळत नाही. इथे एक माणूस डावीकडे कुठेतरी हसतो, मग कोणीतरी बाई उशिरा हसते, मायर्स तिकडे बघतात आणि पुढचं वाक्य तिलाच सांगतात. कॉमेंट करणाऱ्यांना ते कोल्हे म्हणतात, आणि ते कोल्हे मुद्दाम आणखी बारीक चुका शोधून आणतात. पण आठवड्याचे भाग बघितलेले नसतील तर हे अजिबात कळणार नाही, कोणीतरी उगाच कशावर तरी बोलतोय असं वाटेल. भाग बघितले असतील तर मात्र हा घरच्यांमध्ये बसल्यासारखा वेळ जातो, आणि स्ट्रीमिंगच्या काळानं या प्रकाराला दिलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

स्टीफन कोलबेर. हे २००५ ते २०१४ कॉमेडी सेंट्रलवर कोलबेर रिपोर्ट या शोमध्ये एका अहंकारी उजव्या विचारांच्या अँकरचं सोंग करायचे, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये सीबीएसवरच्या लेट शोमध्ये डेव्हिड लेटरमन यांच्या जागी स्वतः म्हणून आले (हा शो मे २०२६ पर्यंतचाच, ते पुढे येतंच). मोनोलॉग चांगला असतो पण खरं बळ मुलाखतीत, विशेषतः दुःख, मरण, श्रद्धा असले विषय निघाले की. ते दहा वर्षांचे असताना वडील आणि दोन भाऊ विमान अपघातात गेले, १९७४ साली, आणि तो माणूस त्या विषयापासून पळत नाही.

जिमी किमेल एबीसीवर जानेवारी २००३ पासून आहेत, हॉलिवूडमधून करतात, त्यामुळे न्यूयॉर्कवाल्यांपेक्षा वातावरण वेगळं, सिनेमावाले जास्त. रस्त्यावर लोकांना गाठून प्रश्न विचारणं, नटनट्यांना त्यांच्याबद्दलचे वाईट ट्वीट स्वतःच वाचायला लावणं हे त्यांचं. पण १ मे २०१७ चा मोनोलॉग जरूर शोधा, नवजात मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनबद्दल बोलताना ते रडतात आणि मग हेल्थ इन्शुरन्सवर येतात.

जिमी फॅलन, द टुनाइट शो, २०१४ पासून. राजकारण नको असेल, गाणी, खेळ, नकला, द रूट्ससारखा बँड हवा असेल तर इथे या. मी स्वतः कमी बघते.

जॉन ऑलिव्हर वेगळ्या रांगेतले. एचबीओवर रविवारी रात्री ११, एप्रिल २०१४ पासून, जाहिराती नाहीत, साधारण अर्धा तास, आणि त्यातला मोठा भाग एकाच विषयावर, तोही बऱ्याचदा असा की ज्यावर कोणी जोक करायचा विचारच केला नसेल. १ जून २०१४ ला ते नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवावं हे तत्त्व) बोलले आणि लोकांनी सरकारी आयोगाच्या साइटवर इतक्या कॉमेंट टाकल्या की साइटच कोलमडली. त्यांचा मुख्य विषय लवकर शिळा होत नाही, त्यामुळे जुना भाग उघडलात तरी चालतो. रोज वेळ मिळत नसेल तर आठवड्याला एक ऑलिव्हर एवढं पुरे.

कॉमेडी सेंट्रलवरचा, बातम्यांची खिल्ली उडवणारा द डेली शो बघायचा तर सोमवारचा बघा, जॉन स्ट्युअर्ट १९९९ ते २०१५ होस्ट होते आणि फेब्रुवारी २०२४ पासून फक्त सोमवारी परत येतात, बाकीचे दिवस बाकीची टीम वाटून घेते. रॉनी चेंग, जॉर्डन क्लेपर, डेझी लायडिक अशी चांगली माणसं आहेत तिथे.

आणि हे सगळे बहुतेक एकाच, म्हणजे ट्रम्पविरोधी बाजूचे आहेत असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. दुसऱ्या बाजूचा विनोद ऐकायचा असेल तर फॉक्स न्यूजवर ग्रेग गटफेल्डचा शो असतो, रात्री १० ला, चार-पाच जण गोल बसून बोलतात, आणि अमेरिकेत टीव्हीवर बघणाऱ्यांचा आकडा बघितला तर तो या जुन्या नेटवर्कवाल्यांच्या पुढे असतो. एकदा तरी बघा म्हणजे तिकडे लोक कशावर हसतात ते कळेल.

कुठे मिळतं

अमेरिकेत असाल तर फॅलन आणि मायर्स पीकॉकवर, किमेल हुलूवर, डेली शो (आणि मे २०२६ पर्यंत कोलबेर) पॅरामाउंट प्लसवर, ऑलिव्हर एचबीओ मॅक्सवर, साधारण दुसऱ्या दिवशी अख्खा भाग मिळतो. कॉमेडियन जॉन मुलेनीनी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आठवड्याला एक असा थेट लाइव्ह शो केला, बघायला मजा येते कारण काहीही बिघडू शकतं. अमेरिकेबाहेर असाल तर आधी तुमच्या देशात यातलं काय चालतं ते बघा, पीकॉक बाहेर मिळत नाही, आणि बहुतेकांच्या हातात शेवटी यूट्यूबच उरतं. हरकत नाही. यूट्यूबवर अख्खा भाग नसतो पण त्या रात्रीचे बहुतेक तुकडे असतात, फक्त ते आपण जोडून घ्यायचे.

यूट्यूब नीट लावून घ्या

फीडवरून काहीही उघडायचं नाही. हे कठीण जातं पण करा. शोच्या अधिकृत चॅनेलवर जा, व्हिडिओंचा टॅब उघडा, तारखेप्रमाणे लावा, मग एका रात्रीचे चार-पाच व्हिडिओ एकत्र दिसतात: मोनोलॉग, टेबलावरचा आयटम, पहिला पाहुणा (बऱ्याचदा दोन तुकड्यांत), दुसरा पाहुणा, गाणं. हे त्याच क्रमानं रांगेत टाका, ऑटोप्ले बंद करा, आणि मग बसा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मोनोलॉगमधला एखादा जोक टेबलावर परत येतो, पाहुणा तो बॅकस्टेज बसून ऐकत असतो आणि आल्याआल्या त्यावरच काहीतरी बोलतो, मग शेवटी होस्ट निरोप घेताना परत त्याच्यावर येतो. तिसऱ्या वेळेला सगळ्यात जास्त हसू येतं आणि ते क्लिपमध्ये कधीच मिळणार नाही.

दुसऱ्यांनी उचलून टाकलेले व्हिडिओ असतात, ज्यांच्यावर लाल बाण, उघडी तोंडं आणि अमक्यानं तमक्याची धुलाई केली असं लिहिलेलं असतं, ते चॅनेल पुन्हा दाखवू नको हा पर्याय दाबून एकेक काढून टाका. दोनतीन आठवड्यांत फीड साफ होतं. बघितलेल्यांची हिस्टरी एकदा पुसलीत तर आणखी लवकर.

ऑलिव्हरचं वेगळं आहे, २०२४ मध्ये एचबीओनं मुख्य भाग यूट्यूबवर लगेच टाकायचा सोडून गुरुवारपर्यंत उशिरा टाकायला सुरुवात केली होती, तेव्हा सोमवारी दिसला नाही म्हणून गडबडू नका.

फक्त ऐकायचं असेल तर डेली शोची पॉडकास्ट आहे, गाडी चालवताना किंवा भांडी घासताना चालते.

बघताना

स्पीड वाढवू नका. मला माहितीये सगळे आता दीडपट स्पीडवर बघतात, लेक्चर बघा, बातम्या बघा, पण हे नको. जोक सांगून झाल्यावर होस्ट जो थांबतो, लोक हसायला लागतात, हसू उतरायच्या जरा आधी तो पुढचा शब्द टाकतो, ते थांबणंच खरं काम आहे. कार्सनचे तर जोक पडायचे आणि मग ते नुसते कॅमेऱ्याकडे बघायचे, त्या बघण्यावर जोकपेक्षा जास्त हसू यायचं. दीडपट स्पीडवर ते बघणंच संपतं.

सबटायटलचं जरा नीट समजून घ्या कारण आपल्यापैकी बहुतेकांना ती लागतात. हातानं लिहिलेली सबटायटल असली की पूर्ण ओळ एकदम येते, म्हणजे होस्टनं अर्धं वाक्य बोलून श्वास घेतलाय आणि तुम्ही शेवटचा शब्द वाचून मोकळे. जोक तिथेच मेला. आपोआप तयार होणारी सबटायटल शब्दामागून शब्द येतात, चुका असतात पण जोक फुटत नाही. तर मी काय करते, पहिल्यांदा सबटायटलशिवाय बघते, जिथे लोक हसले आणि मला कळलं नाही तिथे दहा सेकंद मागे जाऊन सबटायटल लावते. सुरुवातीला एका मोनोलॉगमध्ये पंधरा वेळा मागे जावं लागेल. एकाच होस्टला महिनाभर धरून राहिलात तर दोनतीनदा, कारण त्याचा उच्चार, त्याची वाक्य मोडायची पद्धत कानात बसते. एकच होस्ट धरा म्हणते त्याचं हेही एक कारण.

बातमी माहीत नसेल तर आधी पाच मिनिटं त्या दिवसाच्या अमेरिकन बातम्यांचे मथळे वाचून घ्या, बास. मोनोलॉगचा जोक दोन भागांचा असतो, पहिल्या वाक्यात बातमी सांगतात आणि दुसऱ्यात ती उलटी करतात, त्यामुळे पहिलं वाक्य लक्ष देऊन ऐकलं की निम्मं काम होतं. पण जोकवरून बातमी ठरवू नका. क्लिपमध्ये दाखवलेलं एखाद्या नेत्याचं वाक्य कापलेलं असू शकतं, राग आला तर आधी पूर्ण भाषण शोधा.

एक अभ्यास म्हणून करण्यासारखी गोष्ट सांगते. मार्च २०२० नंतरचे भाग काढा, करोनात सगळे घरून करत होते. कोलबेर तर एकदा बाथटबमध्ये बसून मोनोलॉग करतात, सुटासकट. मायर्स माळ्यावर बसायचे, मागे एका जहाजाच्या कप्तानाचं चित्र, आणि हळूहळू तो कप्तान शोमधलं पात्रच झाला. समोर कोणी हसणारं नाही. जोक सांगितला की शांतता. आधी अंगावर काटा येतो, मग पाचव्या-सहाव्या भागात तुम्हाला ऐकू यायला लागतं की वाक्य कसं बांधलंय, कुठे मुद्दाम उशीर केलाय, कुठे माणूस स्वतःलाच हसवतोय. त्यानंतर प्रेक्षकांसकटचा कुठलाही भाग बघा, कान वेगळे झालेले असतात. मायर्स त्यानंतर सूट घालायचेच सोडून गेले, शर्टवर येतात आता.

मुलाखत पूर्ण बघा

क्लिपमध्ये मुलाखतीतलं जे येतं ते बहुतेक ठरलेलं असतं, पाहुण्याला आधीच एक प्रोड्यूसर फोन करून विचारतो की काय किस्से आहेत, आणि होस्ट टेबलावरच्या निळ्या कार्डावरून तोच प्रश्न विचारतो. खरी मजा ठरलेलं संपल्यावर. मे २०१९ मध्ये कीआनू रीव्ह्ज कोलबेरकडे आले होते, सिनेमाची जाहिरात करायला, सगळं हलकंफुलकं चाललेलं, आणि जाताजाता कोलबेरनी विचारलं की आपण मेल्यावर काय होतं असं तुम्हाला वाटतं. रीव्ह्जनी एक श्वास घेतला आणि म्हणाले, मला एवढं माहितीये की आपल्यावर प्रेम करणाऱ्यांना आपली आठवण येत राहील. कोलबेर गप्प. काही सेकंद टीव्हीवर कोणीच बोललं नाही. ते उत्तर क्लिप म्हणून जगभर फिरलं, पण आधीची मोटरसायकल, मारामारी, गमतीची सात-आठ मिनिटं बघून मग तिथे पोचलात तर ती शांतता कुठून आली ते कळतं.

आता शो कुठे चाललेत

हे बघायचं असेल तर वाट बघत बसू नका, कारण हा प्रकार आकसतोय. मे २०२५ मध्ये टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नीलसन कंपनीच्या मोजणीत अमेरिकेत पहिल्यांदा स्ट्रीमिंगवर बघण्याचा वाटा, ४४.८ टक्के, ब्रॉडकास्ट आणि केबल मिळून होतो त्याच्या पुढे गेला. नेटवर्कच्या लेट नाइट शोंची जाहिरातीची कमाई २०१८ मध्ये सुमारे ४३.९ कोटी डॉलर होती ती २०२४ मध्ये निम्मी, २२ कोटी. मायर्सचा बँड २०२४ मध्ये खर्चापायी गेला, फॅलनचे नवे भाग आठवड्याला पाचाचे चार झाले, सीबीएसवर कोलबेरनंतरचा शो करणारे जेम्स कॉर्डन २०२३ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी आलेला शो २०२५ मध्ये संपला.

मग १७ जुलै २०२५. कोलबेरनी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच सांगितलं की मे २०२६ मध्ये लेट शो संपणार, त्यांच्या जागी दुसरं कोणी येणार नाही, सगळंच बंद. प्रेक्षक ओरडायला लागले तर म्हणाले माझंही तेच म्हणणं आहे. सीबीएसनं कारण पैशाचं सांगितलं, पण त्याच्या थोडेच दिवस आधी कंपनीनं ट्रम्पबरोबरचा खटला १ कोटी ६० लाख डॉलरला मिटवला होता आणि कोलबेर त्यावर शोमध्येच बोलले होते, त्यामुळे बऱ्याच जणांना ते पटलं नाही. मलाही पटलेलं नाही.

दोन महिन्यांनी किमेल. १७ सप्टेंबर २०२५ ला एबीसीनं शो थांबवला, ट्रम्पसमर्थक कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर मोनोलॉगमध्ये जे बोलले त्यावरून, आणि २३ तारखेला परत आणला. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमेरिकेत नेटवर्क आणि तुमच्या गावातलं स्टेशन वेगळ्या मालकांचं असू शकतं, नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या दोन कंपन्यांनी आपल्या एबीसी स्टेशनांवर तो परतीचा भागही लावला नाही. तरी टीव्हीवर साठ लाखांहून जास्त लोकांनी बघितला आणि ज्यांच्याकडे लागला नाही त्यांनी यूट्यूबवर बघितला. म्हणून चॅनेलला नाही, माणसाला फॉलो करा. कोनन ओब्रायन बघा ना, २०१० मध्ये टुनाइट शो हातचा गेला, मग टीबीएसवर २०२१ पर्यंत, मधेच २०१८ मध्ये पॉडकास्ट, २०२४ मध्ये देशोदेशी फिरायचा शो, २०२५ मध्ये ऑस्कर सोहळ्याचे होस्ट. जे त्यांच्यामागे गेले त्यांचं काहीच चुकलं नाही. २०२३ मध्ये लेखकांच्या संपात सगळे शो बंद होते तेव्हा कोलबेर, फॅलन, किमेल, मायर्स आणि ऑलिव्हर पाचजणांनी मिळून बारा भागांची पॉडकास्ट केली आणि पैसे आपापल्या स्टाफला दिले, ती अजूनही ऐकण्यासारखी आहे, पाच होस्ट एकमेकांचं ऐकत नाहीत आणि सगळ्यांनाच बोलायचं असतं.

आवडलं ते लिहून ठेवा

शेवटचं काम, आणि हे कोणी करत नाही. कार्सनच्या पहिल्या दहा वर्षांतल्या बहुतेक टेपा एनबीसीनं पुसून परत वापरल्या, ते भाग गेले ते गेलेच. तुम्ही म्हणाल तो काळ वेगळा होता, तर जून २०२४ मध्ये कॉमेडी सेंट्रलच्या साइटवरून डेली शो आणि कोलबेर रिपोर्टच्या पंचवीसेक वर्षांच्या क्लिप एका दिवसात काढून टाकल्या. लिंक साठवून उपयोग नाही, लिंक मरते, व्हिडिओचं नाव बदलतं. एक साधी वही करा, नाहीतर फोनमध्ये नोट. प्रसारणाची तारीख, होस्ट, पाहुणा, आणि नेमकं काय आवडलं त्याची एक ओळ. तारीख असली की तो भाग पुन्हा कुठेतरी, कोणत्यातरी सर्व्हिसवर, कोणाच्या तरी जुन्या रेकॉर्डिंगमध्ये शोधता येतो, नुसतं तो मजेदार व्हिडिओ एवढ्यावर काहीच सापडत नाही. माझ्या वहीतली रीव्ह्जची नोंद एका ओळीची आहे: मे २०१९, कोलबेर, शेवटचा प्रश्न, नंतर कोणी बोललं नाही.